गुण रेणूचा की रचनेचा?

रेणू कळला की पदार्थ कळला, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिला समजूत म्हणायचंही कुणाला सुचत नाही. शाळेत सूत्र पाठ करायचं, कॉलेजात रचनासूत्र काढायचं, परीक्षेत कोणता बंध तुटला आणि कोणता जुळला ते लिहायचं. बाजारही याच वाटेने चालतो. हळदीत कुरकुमिन किती टक्के हे सांगितलं की शास्त्रीय बोलणं पुरं झालं, असं सांगलीच्या व्यापाऱ्यापासून औषध कंपनीच्या जाहिरातीपर्यंत सगळे धरून चालतात.

माझं म्हणणं असं आहे की ही समजूत उथळ आहे, आणि तिच्यामुळे रसायनशास्त्राचा निम्मा भाग आपल्या नजरेआड राहिला आहे. घन पदार्थाचा रंग, वीज वाहून नेण्याची क्षमता, विरघळण्याचा वेग, दाण्याचा आकार हे गुण पुष्कळदा एकट्या रेणूत नसतातच. रेणू एकमेकांशेजारी कसे बसतात, यातून ते जन्माला येतात. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अशी की हे बसणं 'आपोआप' होतं म्हणून सोडून देणं ही तितकीच मोठी चूक आहे. दोन्ही गोष्टी सिद्ध करायला सातारा-सांगलीच्या बाहेर फारसं जावं लागत नाही.

१. पुरावा कॉलेजच्या प्रयोगशाळेतच आहे

साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स घ्या, सांगलीचं १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज घ्या किंवा कऱ्हाडचं कुठलंही विज्ञान महाविद्यालय. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला सेंद्रिय संयुग ओळखायला देण्याची पद्धत सगळीकडे सारखी. संयुग नॅप्थलिन किंवा अँथ्रासीन निघालं, तर खात्रीसाठी त्याचं पिक्रेट करायला सांगण्याची जुनी रीत आहे. नॅप्थलिन म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्यांचा पांढरा पदार्थ. पिक्रिक आम्ल फिकट पिवळं. दोन्ही गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून एकत्र ओतायची आणि थंड होऊ द्यायची. पिवळ्या सुया पडतात. नॅप्थलिनच्या जागी अँथ्रासीन घेतलं, तर सुया लाल येतात.

विद्यार्थी सुया गाळतो, वाळवतो, द्रवणांक घेतो, जर्नलमध्ये लिहितो, आणि सुया बेसिनमध्ये जातात. या साऱ्यात प्रश्न विचारलाच जात नाही: हा लाल रंग आला कुठून? शुद्ध अँथ्रासीन पांढरं असतं, पिक्रिक आम्ल पिवळं. दोघांपैकी कुणाकडेही लाल नाही. अँथ्रासीनचा एकही सहसंयुज बंध तुटलेला नाही, नवा जुळलेला नाही. तरी समोर लाल स्फटिक आहे.

हे नुसतं मिश्रण आहे असं कुणी म्हणेल, तर द्रवणांकच त्याला खोडून काढतो. भेसळ असली की द्रवणांक खाली येतो, हे त्याच विद्यार्थ्याला त्याच टेबलावर शिकवलेलं असतं. नॅप्थलिन ८० अंशांना वितळतं, पिक्रिक आम्ल १२२ अंशांना. त्यांचं पिक्रेट मात्र १५० अंशांच्या आसपास, म्हणजे दोघांपेक्षाही वर. मिश्रण असं वागत नाही. एकास एक या ठरलेल्या प्रमाणात दोन रेणूंनी मिळून बांधलेला हा स्वतंत्र स्फटिक आहे. आजचं शास्त्र त्याला सहस्फटिक म्हणतं.

आता उलट बाजू पाहा. अँथ्रासीनचं पिक्रेट अल्कोहोलने फार धुऊ नये, अशी जुन्या प्रयोगपुस्तकांतली सूचना आहे. जास्त अल्कोहोल पडलं की जोडी सुटते, पिक्रिक आम्ल विरघळून निघून जातं आणि लाल रंग फिका पडत जातो. रेणू दोन्ही शाबूत, फक्त शेजार तुटला आणि रंग गेला. रंग रेणूंच्या शेजारात होता याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही.

२. शेजाराला रंग का येतो

अँथ्रासीनसारख्या सपाट वलयी रेणूत इलेक्ट्रॉनांची सुबत्ता असते, तो दाता. पिक्रिक आम्लावर तीन नायट्रो गट बसलेले असतात आणि ते वलयातले इलेक्ट्रॉन ओढून घेतात, म्हणून तो ग्राही. स्फटिकात हे दोघे पंगतीत एकाआड एक पाटावर बसावेत तसे रचले जातात: दाता, ग्राही, पुन्हा दाता, पुन्हा ग्राही. दोन पातळ्यांमधलं अंतर साधारण ३.३ ते ३.५ अँगस्ट्रॉम. सहसंयुज बंध जुळायला हे अंतर फार जास्त, पण दात्याच्या इलेक्ट्रॉनला ग्राहीची रिकामी कक्षिका दिसायला पुरेसं कमी.

रॉबर्ट मलिकन यांनी १९५२ मध्ये याचा सिद्धांत मांडला. एरवी रंगासाठी रेणूतल्याच एका कक्षिकेतून वरच्या कक्षिकेत इलेक्ट्रॉन उडवावा लागतो. अँथ्रासीनला त्यासाठी अतिनील किरण लागतात, म्हणून ते डोळ्यांना पांढरं दिसतं. शेजारी ग्राही आला की इलेक्ट्रॉनला दुसरी वाट मिळते, आपल्या रेणूतून शेजारच्या रेणूत. ही उडी कमी ऊर्जेची असते, निळा-हिरवा प्रकाश तिला पुरतो. तेवढा प्रकाश शोषला गेला की उरतो तो लाल. विद्युतभार एका रेणूवरून दुसऱ्यावर जातो म्हणून या कुळाला विद्युतभार-स्थानांतराचे सहस्फटिक म्हणतात.

इथे एक बारकावा आहे आणि तो पाठ्यपुस्तकांत बहुधा गाळला जातो. ही भाराची देवघेव रंगाचं कारण असली, तरी अशा दुबळ्या जोड्यांमध्ये स्फटिक बांधून ठेवणारं ते मुख्य बळ नसतं. प्रकाश पडण्याआधी अगदी थोडा भार सरकलेला असतो. रेणूंना एकत्र धरतात ती इतर क्षीण बळं: सपाट पृष्ठभागांमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण, धन-ऋण भागांची ओढ, असतील तिथे हायड्रोजन बंध. एकेक बळ नगण्य, पण लाखो थरांत तेच पुन्हा पुन्हा येतं आणि रचना उभी राहते. रेणूपलीकडचं रसायनशास्त्र म्हणतात ते हेच, आणि १९८७ चं नोबेल पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना मिळालं ते याच जातीच्या क्षीण बळांच्या अभ्यासासाठी.

३. वोलरचा विसरलेला स्फटिक

फ्रिडरिश वोलरने १८२८ मध्ये युरिया बनवला, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. त्याच वोलरने १८४४ मध्ये क्विनहायड्रोन बनवलं, हे क्वचितच कुणी सांगतं. बेंझोक्विनोन पिवळं, हायड्रोक्विनोन पांढरं. दोन्ही एकास एक जुळले की धातूसारखी झाक असलेला गडद हिरवा स्फटिक येतो. तोही दाता-ग्राही यांचाच, शिवाय हायड्रोजन बंधांनी शिवलेला. आपल्या प्रयोगशाळांना हा पदार्थ परकाही नाही. आयनार बील्मन यांच्या १९२१ च्या पद्धतीप्रमाणे आम्लता मोजायची, तर याचीच चिमूट द्रावणात टाकून क्विनहायड्रोन इलेक्ट्रोड करतात. द्रावणात गेल्यावर त्याचे दोन्ही घटक बऱ्याच अंशी सुटे होतात आणि मोजमाप त्या सुट्या घटकांवर चालतं. म्हणजे बाटलीतलं क्विनहायड्रोन आणि बीकरमधलं क्विनहायड्रोन यांत रेणू तेच, रचना मात्र एकात आहे आणि दुसऱ्यात मोडलेली.

युरिया लक्षात राहिला आणि क्विनहायड्रोन विसरलं गेलं, याचं कारण मला स्पष्ट दिसतं. युरियाच्या गोष्टीत नवा रेणू तयार होतो, क्विनहायड्रोनच्या गोष्टीत नवी रचना. आपण पहिल्यालाच रसायनशास्त्र मानलं.

४. निर्णायक पुरावा: तेच रेणू, तेच प्रमाण, वेगळा पदार्थ

लाल रंग पाहूनही एखादा म्हणेल, दोन वेगळे रेणू एकत्र आले, नवा गुण आला, त्यात विशेष काय? म्हणून पुढचं उदाहरण घ्यायला हवं.

टीसीएनक्यू हा जबरदस्त ग्राही १९६० च्या सुमारास ड्यूपाँटच्या रसायनज्ञांनी तयार केला. टीटीएफ हा गंधक असलेला दाता. १९७३ मध्ये अमेरिकेत दोघांचा सहस्फटिक तयार झाला आणि तो धातूसारखी वीज वाहतो असं आढळलं. साध्या तापमानाला त्याची वाहकता सेंटिमीटरला काही शे सीमेन्स, आणि थंड करत नेलं की ती वाढत जाते, ५४ केल्व्हिनपर्यंत. ज्या पदार्थात एकही धातू नाही, तो धातूसारखा वागतो! रहस्य बैठकीत आहे. इथे दाता-ग्राही एकाआड एक बसत नाहीत. दात्यांचा खांब वेगळा, ग्राहींचा वेगळा. सरासरी ०.५९ इलेक्ट्रॉन प्रत्येक दात्याकडून ग्राहीकडे जातो, दोन्ही खांबांत अर्धवट भरलेल्या जागा राहतात, आणि खांबाच्या दिशेने इलेक्ट्रॉन वाहू शकतात.

टीटीएफच क्लोरॅनिल या दुसऱ्या ग्राहीबरोबर बसवलं तर पंगत एकाआड एक होते आणि ती वाहकता नाहीशी होते. पण १९८१ मध्ये टॉरन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट त्याहून विलक्षण आहे. हा स्फटिक ८१ केल्व्हिनच्या खाली नेला की रेणूंवरचा भार एकदम वाढतो, आणि जवळजवळ उदासीन असलेला पदार्थ आयनी होतो. दाब देऊनही हेच घडतं. रेणू थोडे जवळ आले, एवढंच.

आणि आता खरी कसोटी. बीईडीटी-टीटीएफ हा दाता आणि टीसीएनक्यू हा ग्राही यांचे एकास एक प्रमाणातले एकाहून अधिक स्फटिकरूप मिळतात. एकात एकाआड एक पंगत आहे आणि तो वीज नीट वाहत नाही. दुसऱ्यात दात्यांचे आणि ग्राहींचे थर वेगळे आहेत आणि तो धातूसारखा वाहतो. सूत्र तेच, रेणू तेच, प्रमाण तेच. रचनासूत्र लिहून हा फरक कुणालाही सांगता येणार नाही.

५. 'आपोआप' काही होत नाही

रेणू स्वतःच स्वतःला रचतात हे खरं. कुणी चिमट्याने त्यांना बसवत नाही. पण एवढ्यावर थांबणाऱ्याने कधी साखर कारखान्यातल्या पॅनमनला काम करताना पाहिलेलं नसावं.

कृष्णाकाठी रेठऱ्याचा कृष्णा कारखाना असो की सांगलीचा वसंतदादा, पॅनवर चालतं ते रेणूंच्या स्वयंरचनेचंच काम. साखरेत विद्युतभार-स्थानांतर नाही, तिथे हायड्रोजन बंध आहेत. पण रचनेचा प्रश्न तोच. सिरप निर्वातात आटवत अतिसंपृक्त करायचं, बारीक साखरेचं सीड द्यायचं, आणि मग दाणा वाढत राहील पण नवा फुटणार नाही अशा अरुंद पट्ट्यात मॅसेक्विट, म्हणजे दाणे आणि सिरप यांचं घट्ट मिश्रण, ठेवायचं. पट्टा ओलांडला की फॉल्स ग्रेन पडतो: न मागितलेला बारीक दाणा, जो सेंट्रिफ्यूगलला त्रास देतो. पॅनमन काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन उजेडात धरतो आणि दाण्याच्या कडा पाहतो. कडा तीक्ष्ण आहेत की बोथट, यावरून तो सिरप वाढवायचं की पाणी द्यायचं ठरवतो.

ऊस शिळा असला की गोष्ट आणखी स्पष्ट होते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की ल्युकोनॉस्टॉक जातीचे जीवाणू त्यातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात. या लांबलचक रेणूचे तुकडे साखरेच्या स्फटिकाच्या ठरावीक बाजूंना चिकटतात आणि त्या बाजूंची वाढ रोखतात. बाकीच्या बाजू वाढत राहतात. दाणा चौकोनी न होता लांबट, सुईसारखा होतो. साखरेचा रेणू तसूभरही बदललेला नसतो. फडात ऊस किती वेळ पडला, याची नोंद स्फटिकाच्या आकारात उमटलेली असते.

सहस्फटिकांत हेच आणखी नाजूकपणे घडतं. विद्रावक बदलला, थंड करण्याचा वेग बदलला, बीजस्फटिक दिला की न दिला, यावर कोणती रचना हाती येईल ते ठरतं. सगळ्यांत स्थिर रचना आणि सगळ्यांत आधी येणारी रचना या दोन वेगळ्या असू शकतात. स्वयंरचनेत मनुष्याचं काम संपत नाही. ते बसवण्यावरून परिस्थिती घडवण्यावर येतं.

६. आक्षेप

पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा: रचना तरी शेवटी रेणूच ठरवतो ना? मग रेणू कळला की रचना काढता आली पाहिजे. तत्त्वतः यात तथ्य आहे. गौतम देसीराजू यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकातून स्फटिक-अभियांत्रिकीला जे शिस्तबद्ध रूप दिलं, त्याचा पायाच हा की रेणूवरचे गट पाहून शेजार ओळखता यावा. पण रेणू शक्यता ठरवतो, निवड ठरवत नाही. दोन रचनांमधला ऊर्जेचा फरक मोलला काही थोडे किलोज्यूल असतो, आणि त्या पट्ट्यात डझनावारी रचना दाटीवाटीने उभ्या असतात. १९९८ मध्ये रिटोनाविर या एड्सवरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये अचानक नवं, कमी विरघळणारं स्फटिकरूप अवतरलं आणि चालू औषध बाजारातून काढून घ्यावं लागलं. रेणू कंपनीला पुरेपूर ठाऊक होता.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं, माहीत असलेल्या पदार्थाचं नवं स्फटिकरूप हा तोच पदार्थ धरावा, परिणामकारकतेत लक्षणीय फरक पडत नसेल तर. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपावरचा दावा याच आधारे फेटाळला. मग कायदा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध नाही का? मला तसं वाटत नाही. रचना बदलल्याने काही बदलत नाही, असं कायदा म्हणत नाही. कोणता गुण बदलला, आणि ज्या कामासाठी पदार्थ आहे त्या कामाला तो लागू पडतो का, असं तो विचारतो. हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मांडणीलाही तो मर्यादा घालून देतो: सगळे गुण रचनेचे नसतात. पिक्रिक आम्लाची आम्लता रेणूचीच. औषध रक्तात विरघळून एकेका रेणूने काम करू लागलं की स्फटिकाची रचना मागे सुटते. तिचा प्रभाव तिथवर पोचण्याच्या वेगावर.

इथेच कुरकुमिनचा मुद्दा येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याआधी १९९७ मध्ये माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द करून घेतलं, याचा अभिमान योग्यच आहे. पण कुरकुमिनची अडचण टक्क्यांत नाही, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही यात आहे. २०११ मध्ये हैदराबाद विद्यापीठात पलाश सानफुई, अश्विनी नांगिया आणि सहकाऱ्यांनी कुरकुमिनची नवी स्फटिकरूपं शोधली, आणि रिसॉर्सिनॉल व पायरोगॅलॉल यांच्याबरोबरचे सहस्फटिकही बनवले. चाळीस टक्के अल्कोहोल असलेल्या पाण्यात ते नुसत्या कुरकुमिनपेक्षा सुमारे ५ आणि १२ पट वेगाने विरघळले. पायरोगॅलॉल पोटात घेण्याजोगा पदार्थ नव्हे, आणि परीक्षानळीतला वेग म्हणजे शरीरातला गुण नव्हे. तरीही कुरकुमिनचा रेणू न बदलता त्याचं वागणं बदलता येतं, एवढं यातून पक्कं झालं. नांगिया पुढे २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. हळदीच्या बाजारपेठेपासून ही प्रयोगशाळा काही तासांच्या अंतरावर आहे.

तिसरा आक्षेप: या सेंद्रिय वाहकांनी सिलिकॉनची जागा तर घेतली नाही. नाही घेतली. टीटीएफ-टीसीएनक्यूच्या तारा कुणी ओढल्या नाहीत. स्फटिक ठिसूळ आणि वाहकता एकाच दिशेची. पण टीसीएनक्यूचाच फ्लोरीनयुक्त भाऊबंद सेंद्रिय प्रकाशदिव्यांच्या थरांत भार वाढवण्यासाठी वापरला जातो, तो याच दाता-ग्राही तत्त्वावर.

७. जिल्ह्याच्या कॉलेजात काय करता येईल

हे काम बंगळुरू-हैदराबादचं, आपलं नव्हे, हा सूर मला मान्य नाही. १९३० मध्ये केदारेश्वर बॅनर्जी कोलकात्यात नॅप्थलिन आणि अँथ्रासीनच्या स्फटिकरचनेचा छडा लावत होते, तेव्हा त्यांच्याकडे आजच्या मानाने जवळजवळ काहीच साधनं नव्हती. शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही अँथ्रासीन, पेरिलीन अशा रेणूंच्या प्रतिदीप्तीवर संशोधन झालेलं आहे. क्ष-किरणांचं मोजमाप बाहेर पाठवता येतं. स्फटिक वाढवणं बीकरमध्येच होतं, आणि त्याला लागते ती चिकाटी.

पिक्रिक आम्ल सुकं असताना स्फोटक असतं, ते वर्गातून जातंय ते योग्यच. त्याच्या जागी क्विनहायड्रोन घ्यावं. १८९३ मध्येच लिंग आणि बेकर यांनी क्विनोन कुळातले असे पदार्थ विद्रावकाशिवाय, खलात घोटून बनवले होते. बेंझोक्विनोनची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून फ्यूम हूडखाली काम करायचं, हातमोजे घालायचे. पिवळी आणि पांढरी पूड एकत्र घोटली की रंग गडद होत जातो. कोणतीही अभिक्रिया न लिहिता हा बदल विद्यार्थ्याला समजावून सांगायला लावावा. मग गरम पाण्यातून हळू थंड करून सुया वाढवाव्यात, अर्ध्या वर्गाने हळू, अर्ध्याने बर्फात, आणि दोन्हींची नोंद जर्नलमध्ये द्रवणांकाइतक्याच मानाने व्हावी.

शेवटी एक सुई काचपट्टीवर ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकाच पोलरॉइड पट्टीतून पाहावी आणि पट्टी फिरवावी. एका स्थितीत सुई गडद दिसते, काटकोनात फिरवल्यावर फिकी. पंगतीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाशच इलेक्ट्रॉनला शेजारी ढकलू शकतो, आडवा नाही. द्रावणातल्या सुट्या रेणूंवर हाच प्रयोग केला तर पट्टी कितीही फिरवा, काही बदलत नाही. तिथे पंगत नाही, त्यामुळे दिशाही नाही.